दरवाजेवाले नाखवा

पाण्याची चाचणी सुरू झाली की नाखवा डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायचे आणि लोखंडी दरवाजाला गाल लावून उभे राहायचे. पलीकडून एक माणूस होजपाइपने पाण्याचा झोत मारत असे. अलीकडे नाखवा डोळे मिटून, दरवाजा आणि चौकट जिथे मिळतात त्या फटीवरून गाल वरपासून खालपर्यंत हळूहळू सरकवत न्यायचे. पाहुणे आलेले असले की त्यांना वाटायचं, या म्हाताऱ्याला चक्कर आलीय.

आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यात जहाजांचे दरवाजे बनत. साधे नव्हेत, पाणीबंद. जहाजाच्या एका भागात पाणी शिरलं तर ते दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून असतात ते. कडेला आठ कड्या, त्यांना इंग्रजीत 'डॉग' म्हणतात. कारखान्यात त्यांचं सरळ 'कुत्रे' झालं होतं. "आठी कुत्रे बसव गो बाय," असं नाखव्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा मी खरोखर दाराबाहेर बघितलं होतं.

मी फलटणची. डिप्लोमा करून सानपाड्याला थोरल्या भावाकडे राहायला आले आणि क्वालिटी विभागात लागले. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. कारखान्यात पन्नासेक पुरुष आणि आम्ही तीन बायका. माझ्या टेबलावर व्हर्नियर होतं, गेज होते, फायली होत्या. नाखव्यांकडे खडू होता.

खडूची चाचणी अशी. चौकटीच्या कडेला चारही बाजूंनी खडू फासायचा, दरवाजा बंद करून आठही कड्या आवळायच्या आणि पुन्हा उघडायचा. दरवाजाच्या कडेला बसवलेल्या रबरी पट्टीवर पांढरी रेघ उमटते. ती अखंड असली तर दरवाजा पास. रेघ कुठे तुटली तर तिथून पाणी येणार. चाचणी सगळेच करायचे, पण नाखव्यांचा गाल तिच्यापुढचा होता. मी एकदा विचारलं, "गाल कशाला? हात लावून बघा की."

"हाताला आता काय कलत नाय. काम करून करून चामडा झालाय त्याचा. गालाला कलता."

आणि खरंच कळायचं. रबरावरची रेघ अखंड, टॉर्चच्या उजेडात एक थेंब दिसत नाही, अशा दरवाजाला त्यांनी तीनदा नापास केलेलं मी पाहिलं. तिन्ही वेळा दहा मिनिटं झोत चालू ठेवल्यावर खालच्या बिजागरीपाशी पाणी झिरपलं. कॉलेजात शिकलेलं सगळं अशा वेळी मला फार तोकडं वाटायचं.

ते मूळचे खाडीकाठच्या सारसोळ्याचे. चौथीपर्यंत शिकलेले. तरुणपणी खाडीत आणि खाडीबाहेर होडी घेऊन जायचे, म्हणून शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना नाखवा म्हणत. समुद्र सोडून ते कारखान्यात आले होते हेल्पर म्हणून, आणि वीस-बावीस वर्षांत दरवाजांचे शेवटचे न्यायाधीश झाले होते. हुद्दा मात्र काही नव्हता.

जगातला कुठलाही दरवाजा त्यांना नुसता ओलांडून जाता येत नसे. आधी तीन थापा, मग उघडझाप, मग निकाल. शेठच्या केबिनमध्ये ते कधी आत येत नसत. सनमायकाच्या त्या दाराखाली बोटभर फट होती. नाखवा उंबऱ्यावर उभे राहून बोलायचे आणि शेठ आतून ओरडून उत्तर द्यायचे. भावाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी त्यांना बोलावलं, तर पानावर बसायच्या आधी त्यांनी पाचही दारं तपासली आणि पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "न्हानीचा दरवाजा पावसात फुगल. आत कोन अडाकला तर दोष माज्यावर नको."

भाऊ चांगलाच चिडला. सोसायटीत चारचौघांत असं बोलायचं का, म्हणून माझ्यावर घसरला. पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात नाखवा, हातात रंधा. त्यांनी न्हाणीचं दार उतरवलं, खालची कड तासली, पुन्हा बसवलं, तीन थापा मारल्या, चहाही न घेता निघून गेले.

त्यांचं एक वाक्य कारखान्यात म्हणीसारखं झालं होतं. तपासणीला येणारे साहेब जाडजूड फायली आणायचे. स्टीलचं सर्टिफिकेट, रबराचं सर्टिफिकेट, वेल्डरचं सर्टिफिकेट. ते चाळून झालं की नाखवा हळूच म्हणायचे, "साहेब, पानी कागद वाचत नाय." काही साहेब हसायचे, काही रागवायचे. पण जे हसायचे ते पुढच्या खेपेला आल्यावर आधी विचारायचे, "तो म्हातारा कुठाय?"

हे सगळं मी मजेत सांगते आहे, पण नाखव्यांबद्दल बोलताना मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तटरक्षक दलाचं एक नवं जहाज बांधलं जात होतं. त्याच्या बारा दरवाजांचं काम आमच्याकडे आलं. कारखान्याला मिळालेलं ते सगळ्यात मोठं काम. शेवटच्या तपासणीच्या दिवशी दुपारपर्यंत अकरा दरवाजे झाले. मी प्रत्येकाला खडू लावला होता, कड्या आवळल्या होत्या, रेघ बघितली होती. बारावा रंगकामातून उशिरा आला. त्या दिवशी नाखवा रजेवर होते, आणि मला संध्याकाळी बघायला मंडळी येणार होती. वहिनीने दोनदा फोन करून बजावलं होतं, पाचच्या आत घरी ये. बाराव्या दरवाजाकडे मी पाहिलं. बाकीच्या अकरांसारखाच दिसत होता. मी रिपोर्टवर 'ओके' लिहिलं, सही केली आणि निघाले. माझ्या सहीवर गिऱ्हाइकाच्या साहेबांचा शिक्का बसला.

त्या मंडळींनी पुढे नकार कळवला, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजे टेम्पोत चढत होते. नाखवा येऊन नेहमीप्रमाणे एकेकाला थापा मारत होते. बाराव्यापाशी थांबले. पुन्हा थाप मारली.

"यो उतरवा."

"नाखवा, शिक्का बसलाय त्याच्यावर," टेम्पोवाला म्हणाला.

"शिक्का बसलाय, दरवाजा बसला नाय. उतरवा."

शेठ धावत आले. उशीर झाला तर दंड होता. खूप बोलाचाली झाली. नाखवा टेम्पोच्या फाळक्याला पाठ लावून उभे राहिले, हलेचनात. शेवटी दरवाजा उतरवून चौकटीवर चढवला. खडू फासला, कड्या आवळल्या, उघडला. खालच्या बिजागरीजवळ पांढरी रेघ तुटलेली होती. करंगळीएवढी जागा, पण कोरी.

शेठ गर्रकन वळले. "रिपोर्टवर सही कोणाची आहे?"

फाइल माझ्याच हातात होती. सगळे माझ्याकडे बघायला लागणार, इतक्यात नाखवा म्हणाले, "तिची हाय. पन मीच सांगितला होता तिला. परवा मी बघितला व्हता यो. म्हनलो, बाय, बिनधास लिव."

त्यांनी तो परवा बघितलाच नव्हता. दरवाजा परवा रंगात होता. मला ते माहीत होतं, त्यांना माहीत होतं. मी गप्प राहिले.

दरवाजा दुरुस्त होऊन दोन दिवसांनी गेला. नाखव्यांना शेठनी चाचणीवरून काढलं आणि स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. हातमोजे आणि वेल्डिंगच्या कांड्या वाटायला. त्या वर्षी त्यांना चार्जहँड, म्हणजे मुकादम, करायचं ठरत होतं, तेही बारगळलं.

मी मोजे घ्यायला खिडकीवर जायची. त्यांनी एका शब्दानेही मला ओशाळं केलं नाही. उलट दुपारच्या सुट्टीत सुकट-भाकरीचा डबा घेऊन चाचणीच्या जागी यायचे, बाजूला बसायचे आणि मला गाल लावायला शिकवायचे. "घाई नको करू. पानी आधी थंड लागता, मंग ओला." पहिल्यांदा मला काही कळलं नाही. महिन्याने कळायला लागलं. त्याचा आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी स्टोअरची ती खिडकी आठवायची.

एका रविवारी मी हिय्या करून सारसोळ्याला गेले, माफी मागायला. नाखवा खाडीवर गेले होते. त्यांच्या बायकोने मला ओटीवर बसवलं. मी मासे खात नाही कळल्यावर बिचारीची पंचाईत झाली. मग तांदळाची भाकरी आणि गूळ दिला. बोलता बोलता मी विचारलं, नाखव्यांनी समुद्र का सोडला?

"यांच्या धाकल्या भावाची होरी व्हती," त्या म्हणाल्या. "पानी येव नये म्हनून फल्यांच्या सांध्यात कापूस भरायचा काम यांनी केला. एका ठिकानी भरायचा राहिला. यांना वाटला, येवढ्याशानं काय व्हतंय. म्हनले, जा बिनधास. खाडीच्या भायेर पानी शिरला. दीर बांबूला धरून राहिला, वाचला. पन होरीवर एक म्हातारा खलाशी व्हता आमचा. तो नाय आला."

मी भाकरी तशीच हातात धरून बसले.

"यांनी कोनाला सांगितलाच नाय, सांधा कोनी भरला ते. दिरानंच सांगितला, मी भरला म्हनून. गावानं त्याला बोल लावला. दोन वरसांनी यांनी तोंड उघाडला. तवर दीर गाव सोडून गेल्ता."

तेवढ्यात नाखवा आले. मला बघून म्हणाले, "आलीस? ये." मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. त्यांनी पायांवरचा चिखल धुतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्या दिवशी खोटा बोललो, तुजी नोकरी वाचावी म्हनून. भावानं माज्यासाटी केला तसा. पन तू माज्यासारकी दोन वरसं नको लावू."

तरीही मी वेळ लावलाच. दोन वर्षं नाही, पण आणखी महिनाभर. मग कारखान्यात आमंत्रण आलं. जहाज तयार झालं होतं आणि ते दलाच्या सेवेत दाखल होण्याचा समारंभ मुंबईच्या गोदीत व्हायचा होता. आमच्या कारखान्याला तीन पास. शेठ, त्यांची बायको आणि क्वालिटी विभागातर्फे मी. पासवर माझं नाव सुबक टाइप केलेलं होतं. ते वाचलं आणि मी थेट शेठच्या केबिनमध्ये गेले.

"सर, बारावा दरवाजा मी तपासलाच नव्हता. नाखवा त्या दिवशी रजेवर होते. आदल्या दिवशी तो दरवाजा रंगात होता, तुम्ही नोंद बघा. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. हा पास त्यांचा आहे."

शेठनी पास माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. मग जे बोलले ते ऐकून बाहेर वेल्डिंग थांबलं. तो दरवाजा गेला असता तर काय झालं असतं, पाच महिने झोप कशी लागली तुला, त्या म्हाताऱ्याच्या जागी तुझे वडील असते तर? मी उभी होते. शेवटी दमून ते खुर्चीत बसले.

"तुला मेमो मिळेल. लेखी."

"हो सर."

"सोमवारपासून नाखवा परत चाचणीवर. आणि पास तू ठेव. माझ्या बायकोला उन्हात डोकं दुखतं, ती नाही येणार. तिच्या जागी त्यांचं नाव घालतो. जा आता, तोंड धू."

तो मेमो अजून माझ्याकडे आहे.

समारंभाच्या दिवशी शेठच्या गाडीतून आम्ही तिघं वाशीचा खाडीपूल ओलांडून मुंबईला गेलो. नाखव्यांनी पांढरा सदरा, मुलाच्या लग्नातली पँट आणि नवे काळे बूट घातले होते. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "शेठ, बारा दरवाजे एका बोटीवर कुठं मावतील?"

बावीस वर्षं त्यांनी दरवाजे केले होते. ते टेम्पोत चढायचे आणि तुर्भ्याच्या ट्रकांच्या गर्दीत दिसेनासे व्हायचे. ज्या जहाजांवर ते लागत, त्यांतलं एकही नाखव्यांनी पाहिलं नव्हतं.

धक्क्यावर वळलो आणि ते समोर आलं. पांढरंशुभ्र, आमच्या सोसायटीच्या इमारतीहून उंच, नाकापाशी तिरपे रंगीत पट्टे. पाण्यावर असूनही इतकं स्थिर की धक्काच हलतोय असं वाटावं. नाखवा चालता चालता थांबले. मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून जाऊ लागले. त्यांनी मान वर केली, आणखी वर केली, टोपी पडली ती मी उचलली.

"एवरा?" एवढंच ते म्हणाले.

आम्ही मांडवात मागच्या रांगेत बसलो. समोर पांढऱ्या गणवेशातले खलाशी आणि अधिकारी ओळीने उभे. बँड वाजला, पाहुण्यांनी मानवंदना घेतली, भाषणं झाली. मग जहाजाचा कप्तान पुढे आला आणि त्याने एक आदेश खणखणीत आवाजात वाचला. हे जहाज आजपासून सेवेत दाखल, एवढा त्याचा अर्थ. राष्ट्रगीत सुरू झालं. आम्ही उभे राहिलो. जहाजाच्या मागच्या काठीवर निळा झेंडा चढला आणि उंच डोलकाठीवर एक लांब, अरुंद पताका एकदम सुटून वाऱ्यावर फडफडली. शेजारी नाखवा हात बाजूला ताठ धरून उभे होते. ते झेंड्याकडे बघत नव्हते. खलाशांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, एकापासून दुसऱ्याकडे, सावकाश.

राष्ट्रगीत संपल्यावर मला म्हणाले, "बाय, ही तर पोरा हायत गो. मिसरूड फुटलेली पोरा. ही जानार आत?"

"हो."

"मी आजवर दरवाजाच बघत व्हतो," ते म्हणाले आणि खाली बसले.

नंतर पाहुण्यांना जहाज बघायला सोडलं. शिडीपाशी नाखव्यांनी वाकून बूट काढले. पहाऱ्यावरचा जवान हिंदीत म्हणाला, काका, बूट राहू द्या. नाखवा म्हणाले, "होरीवर पायतान घालून चढत नाय आम्ही." ते बूट हातात घेऊन वर गेले. डेक उन्हाने तापला होता, पण ते अनवाणी असे चालत होते की जणू कोणाच्या देवघरात शिरलेत. मीही आपोआप आवाज उतरवला. शेठसुद्धा.

आतल्या अरुंद वाटेत एक म्हातारी बाई भिंतीला धरून उभी होती. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, चेहरा पांढराफटक. कोण्या खलाशाची आई. बीडकडची होती. मुलगा कामात अडकलेला आणि तिला पुढे जायचा धीर होईना.

"आजी, पाणी देऊ?" मी विचारलं.

"पानी नको बाई," ती म्हणाली. "आमच्याकडं प्यायला पानी नाही, आन् ह्यो पान्यातच निघाला. येवढं लोखंड तरंगतंय तरी कसं? आन् आत पानी आलं मंग?"

तिच्या उजव्या हाताला आमचाच एक दरवाजा होता. नाखव्यांनी तो तिच्याआधी पाहिला होता. ते तिच्यासमोर गेले.

"आई, यो दरवाजा आमी केलाय. तू बंद करून बघ."

"मी?"

"तूच. मी आत जातो. तू भायेरून लाव. ही बाय दाखवील तुला."

जवळच्या अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या, पण शेठनी त्याच्या कानात काही तरी सांगितलं आणि तो बाजूला झाला. नाखवा उंबरा ओलांडून आत गेले. मी म्हातारीच्या हातावर हात ठेवला. आम्ही दोघींनी तो जड दरवाजा लोटला आणि एकेक कडी फिरवली. सुरुवातीला ती घाबरत होती. सातवी-आठवी तिने स्वतःच्या जोराने आवळली.

आम्ही थांबलो. आतून काही नाही.

"बोलतेत का ते?" तिने विचारलं.

"बोलत असतील. मोठ्यानेही बोलत असतील."

तिने दरवाजाला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. "काईच येत न्हाई ऐकू," ती म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू परत आला.

कड्या सोडल्या. नाखवा बाहेर आले, घामाने डबडबलेले. "मी आतून गाना बोलत व्हतो," ते म्हणाले. "ऐकलास?"

म्हातारी पदराआड हसली. मग त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमचं कोन हाये ह्या बोटीवर?"

नाखवा गडबडले. त्या अरुंद वाटेच्या टोकाला पांढऱ्या गणवेशातली पोरं लगबगीने ये-जा करत होती. त्यांनी तिकडे पाहिलं.

"सकालपावतर कोनी नव्हता," ते म्हणाले. "आता समदीच हायत."

तेवढ्यात तिचा मुलगा शोधत शोधत आला. विशीतला, उन्हाने रापलेला, टोपी नीट करत. आईने त्याचा हात धरला आणि नाखव्यांकडे वळवला. "ह्यांच्या पाया पड. दरवाजा ह्यांनी केलाय."

तो वाकला. नाखव्यांनी त्याला खांद्याला धरून वरच्या वर उभा केला.

"पाया नको पडू रं पोरा. दरवाजा उगडा नको टाकू. किती घाई असली, किती कटाला आला, कोन बोलवत असला तरी. आठी कड्या. माज्या गल्याची शपत."

"जी सर," तो म्हणाला. टाचा जुळवल्या आणि त्यांना कडक सलाम ठोकला.

नाखव्यांना आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं. त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. मग उजव्या हातातले बूट डाव्या हातात घेतले, अनवाणी पाय जुळवले, आणि तेही सलामात उभे राहिले.